तर्रीनंतरची बाटली

जानेवारी १९७८, दुसरा रविवार, सकाळी दहाची वेळ. रक्कम पाचशे रुपये, इतवारीतल्या एका परवानाधारक दारू-दुकानाच्या मालकाने खिशात घालून आणलेली. हजर होते ते दुकानदार, आमच्या गल्लीतले डॉक्टर, मी, आणि ज्यांच्या घरी बसलो होतो ते माझे कचेरीतले जुने सहकारी, त्यांची पत्नी व मुलगा.

सहकाऱ्यांची पारशिवनीकडे संत्र्याची लहानशी बाग होती. नोकरी संपल्यावर त्यांनी रीतसर परवाना काढला आणि घराच्या मागच्या खोलीत वाइन करायला घेतली. कारखाना म्हणजे चिनी मातीच्या सहा मोठ्या बरण्या आणि बुचं बसवायचं एक यंत्र. तिघांनी तीन तऱ्हेची वाइन केली होती. सहकाऱ्यांची जांभळाची. मुलाची संत्र्याची, गोड, चार महिन्यांत तयार होणारी. वहिनींचीही संत्र्याचीच, पण साखर जवळजवळ संपेपर्यंत आंबवलेली आणि मग दोन वर्षं ठेवलेली.

दुकानदार एकच प्रकार घेणार होता. ज्याला गुण जास्त, त्याला पाचशे रुपये आगाऊ. आणि सहाही बरण्या त्याच प्रकाराला; संत्र्याची जिंकली, तर त्या महिन्यात बागेतून येणारी सगळी संत्री तिच्यासाठी. म्हणजे वहिनींची हरली, तर ती पुढे होणार नव्हती. नुसत्या हौसेसाठी दोन वर्षं बरणी अडवून ठेवणं त्या घराला परवडण्यासारखं नव्हतं.

गुणांची बेरीज माझ्याकडे होती. निघताना बायकोकडून ऐकून आलो होतो, "दारूले मार्क द्याले चालले! कोण पास झालं ते सांगा येऊन."

बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळलेलं होतं. चव आम्ही तिघा पाहुण्यांनी घ्यायची, घरच्यांनी नाही. पहिल्या बाटलीचा घोट घेऊन डॉक्टर म्हणाले, "ही तर माझ्या खोकल्याच्या औषधाची सख्खी बहीण आहे."

"मग तुमच्याच दवाखान्यात ठेवा ना, डॉक्टरसाहेब," सहकारी म्हणाले. जांभळाची कोणती, हे त्यांनीच असं सांगून टाकलं.

तेवढ्यात वहिनी पोह्यांच्या बश्या घेऊन आल्या. पोह्यांवर तर्री, म्हणजे हरभऱ्याचा लाल झणझणीत रस्सा. "उपाशी पोटी पाजाची आमच्या घरी रीत नाई. आधी खा, भाऊजी." नागपुरात तर्रीला कोणी नाही म्हणत नाही. डॉक्टरांनी दुसऱ्यांदा मागून घेतली. मग दुसरी बाटली आली. घशात आग उतरली. आंबट आणि कडू यापलीकडे मला काही कळलं नाही. मी दहापैकी तीन दिले, डॉक्टरांनी दोन. तिसरी गोड होती. तिने तोंड निवलं, आणि मी आठ देऊन मोकळा झालो.

कागद काढले. दुसरी बाटली वहिनींची होती.

"काहून वं," सहकारी हसत म्हणाले, "तुनंच तर तर्री वाढली!"

"वाढली तर. पाहुण्याले उपाशी बसवू का?" त्या हसल्या नाहीत. बश्या उचलून आत गेल्या.

मी म्हणालो की ही परीक्षा बरोबर झाली नाही. तिखटानंतर आंबट आलं तर ते मार खाणारच. दुकानदार कुरकुरला, पण पैसे न देता आठ दिवस थांबायला कबूल झाला. पुढच्या रविवारी आम्ही तिघं पुन्हा बसलो. या वेळी नुसता पाव आणि पाणी. वहिनींच्या बाटलीला आधी संत्र्याच्या सालीचा वास आला. मग जिभेवर बारीकसा कडवटपणा राहिला, हवासा वाटणारा. मी आठ दिले, डॉक्टरांनी नऊ, दुकानदाराने सात. गोड वाइन मागे पडली. मी बेरीज वाचून दाखवली आणि दुकानदाराकडे पाहिलं.

"गुण बरोबर आहेत, साहेब. सात तर मीच दिले," तो म्हणाला. "पण माझा गिऱ्हाईक सावजीचं जहाल तिखट मटण खाऊन पिते. त्याच्यासाठी हा पाव मी कुठून आणू?"

वाइन कशी आहे, हे दुसऱ्या रविवारी कळलं. ती कशाबरोबर प्यायली जाणार, हे पहिल्या रविवारीच कळलं होतं, आणि तेही वहिनींच्याच हातच्या तर्रीने. मी चूक दुरुस्त करायला निघालो होतो. पण दुकानदाराच्या दृष्टीने खरी परीक्षा पहिलीच होती. दोन्ही रविवारच्या बेरजा मी पुन्हा तपासल्या. चूक कुठेच नव्हती.

मुलगा आईकडे पाहत नव्हता. वहिनी म्हणाल्या, "दे त्याले गोडच. सहाही भरा." मग मागच्या खोलीतल्या बरण्यांकडे पाहून, "एक राहिली असती तं..."

"दोन वर्षं कोण थांबते गा?" सहकाऱ्यांनी आम्हाला विचारलं.

"मी थांबतो," डॉक्टर म्हणाले. "माझे रोगी याहून जास्त थांबतात."

मीही थांबतो म्हणालो. तेव्हा पाच बरण्या गोड वाइनला आणि एक वहिनींना, असं ठरलं. दुकानदाराने पाचशे रुपये मुलाच्या हातात दिले. दोन वर्षांनी मिळणाऱ्या सहा-सहा बाटल्यांसाठी डॉक्टरांनी साठ आणि मी साठ, असे एकशे वीस रुपये वहिनींना दिले.