तीन शून्यं आणि एक फणी
ऑइलपेंटचा वास आला की सारंगखेड्याच्या यात्रेतला तो भामटा आठवतो. त्याच्या दुकानात चेंडू मारून डबे पाडायचे. आदल्या वर्षी मधल्या डब्याला दहा गुण होते आणि बक्षीस एक फणी. त्या वर्षी त्यानं दहापुढे तीन शून्यं रंगवली. रंग अजून ओला होता, तरी खुळ्यांची गर्दी दुप्पट. गोफणीनं ज्वारीवरची पाखरं उडवणाऱ्या माझ्या काकानं तो डबा पाडला आणि म्हसावदला येईपर्यंत बैलगाडीतून दिसेल त्याला ओरडून सांगितलं, “धा हजार लिनात मी!” घरी काकूनं फणी उलटसुलट करून पाहिली. “मंग फणी एकच कसकाय शे?” काका आठ दिवस तिच्याशी बोलला नाही. परवा मोबाइलच्या खेळात नव्वद लाख गुण मिळाले म्हणून नातवानं घर डोक्यावर घेतलं. मी एवढंच विचारलं, “फणी कुठंय?”