चिठ्ठीवाले

आम्हा विशेषज्ञांविषयी वाटणारा तिरस्कार चिठ्ठीवाल्यांनी कधी लपवला नाही. नारायण पेठेत त्यांचा एका खोलीचा दवाखाना होता. आमच्या मोठ्या रुग्णालयात रुग्ण पाठवताना ते स्वहस्ते दोन पानी चिठ्ठी लिहीत, म्हणून त्यांना हे नाव पडले. ते मीच पाडले होते.

रुग्णाला काय सोसते, काय सोसत नाही, हे सारे चिठ्ठीत असे. शेवटी ठरलेली ओळ: ‘वाचल्यास कळवावे.’ मी कधी कळवले नाही. त्यांची पाकिटे न उघडताच फाइलला टाचली जात.

वाघोलीच्या एक शिक्षिका त्यांची चिठ्ठी घेऊन तापाने आल्या, तेव्हाही तसेच झाले. मी दिलेल्या इंजेक्शनने त्यांचा श्वास कोंडला. तीन दिवस व्हेंटिलेटरवर काढून त्या वाचल्या.

“डॉक्टर, चिठ्ठी वाचली होती ना आपण?” त्यांच्या पतींनी विचारले.

“आमच्यापर्यंत पोहोचलीच नाही,” मी म्हणालो.

मग खोलीत येऊन पाकीट उघडले. पहिल्याच ओळीत त्या औषधाचे नाव होते, खाली लाल रेघ. फाडून टाकण्याचेही धैर्य झाले नाही. चिठ्ठी पुन्हा फाइलला लावली.

पुढे आरोग्यसेवेतील सुधारणांवर डॉक्टरांनी मोकळेपणाने बोलावे म्हणून सभा भरली. सर्व रुग्णांची माहिती संगणकावर एकत्र आणावी, असा उपाय मी व्यासपीठावरून मांडला. चिठ्ठीवाले मागच्या रांगेतून उठले.

“योजना उत्तम. फक्त, ते वाचणार कोण?”

“सर, संगणक आपोआप सूचना देईल,” एक तरुण शल्यविशारद म्हणाला.

“वा! वाचायची कटकट मिटली. आता रुग्णाचं ऐकायलाही एखादं यंत्र घ्या.”

सभागृह हसले. ते मात्र माझ्याकडे पाहत होते. मी पाणी प्यालो.

दोन वर्षांनी ते स्वतःच रुग्ण म्हणून माझ्यासमोर बसले, हातात पाकीट घेऊन.

“आपण स्वतःचीच चिठ्ठी आणलीत?”

“सांगितलेलं तुम्ही ऐकत नाही, लिहिलेलं वाचत नाही. म्हटलं, दोन्ही करून बघू.”

मी ती त्यांच्यादेखत वाचली. निदान अचूक होते. आता उपचार करून आयुष्य लांबवू नये, अशी विनंती होती. खाली तीच ओळ.

“वाचली,” मी म्हणालो. “आणि वाघोलीच्या बाईंचीही मिळाली होती.”

“ठाऊक आहे. त्यांच्या यजमानांनी फाइल दाखवायला आणली होती. चिठ्ठी आतच होती, तुमच्या टाचणीसकट.”

“मग त्यांना सांगितलं का नाहीत?”

“ते काम तुमचं. सुधारणा तुम्हीच करणार होतात ना?”

महिन्याभरात ते गेले. त्यानंतर मी वाघोलीला त्या शिक्षिकेच्या दारात उभा राहिलो आणि सारे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. आत या, म्हणाल्या नाहीत. ते नाहीत हे ठाऊक असूनही परतताना नारायण पेठेकडे वळलो. त्या शिक्षिकेची चिठ्ठी वाचली, हे कळवायचे होते. दवाखान्याला कुलूप होते.