गजावरची खाच

माझा नवरा अर्विन बत्तीस वर्षं लाकूडगिरणीत राबला. उजव्या हाताची दोन बोटं गिरणीनं ठेवून घेतली, तरी जानेवारीतली चकमकीच्या बंदुकीची शिकार त्यानं कधी चुकवली नाही. आमच्या पेनसिल्व्हेनियात त्या दिवसांत हरणामागे दुसरी बंदूक चालतच नाही.

सामानाची त्याची शिस्त माझ्या स्वयंपाकघरालाही नव्हती. बंदुकीच्या दारूचं शिंग कोटाच्या आत, अंगाशी. चामड्याच्या झोळीत एका कप्प्यात गोळ्या, दुसऱ्यात गोळीभोवती गुंडाळायच्या चिंध्या. सरमिसळ झाली की दिवसभर तोंड वाकडं. ठासायच्या गजावर त्यानं चाकूनं एक खाच पाडली होती. दारू आणि गोळी नीट बसली की ती खाच बरोबर नळीच्या तोंडाशी यायची.

पुढे थंडीत उरलेल्या बोटांना गोळी धरवेना, तेव्हापासून क्लेटन बंदूक भरून द्यायला लागला. क्लेटन त्याचा बालमित्र. आमच्या लग्नात अंगठ्या त्याच्याच खिशात होत्या.

आणि तेव्हापासूनच अर्विनचं नशीब फिरलं. तीन हिवाळे हेच. हरीण समोर यायचं, नळीच्या बाजूच्या भोकाशी, कानाशी, ठेवलेली पेटवणाची चिमूटभर दारू, रंजक, भक्कन पेटायची, आणि बंदूक मुकी.

"तुझी दारू ओल धरते," क्लेटन म्हणायचा, आणि बंदूक आपल्या शेडमध्ये नेऊन मोकळी करून आणायचा.

अर्विननं काय केलं नाही? शिंगाच्या बुचाला मेण लावलं. बंदुकीच्या घोड्यावर, चापावरच्या कळीवर, चरबी चोळलेलं चामडं बांधलं. कोरड्या हवेतही बंदूक काखेत, नळी खाली करून चालायचा. मी मेली वर चिडवायची, "झोळीत टॉवेल घालून देऊ का?" तो हसायचा नाही.

यंदाच्या हंगामातल्या शेवटच्या शनिवारी, आमच्या मागच्याच टेकडीवर, रंजक घालायच्या आधी त्यानं क्लेटननं भरून दिलेल्या नळीत सहज गज सोडला. नळी खाली धरून चाललं की कधी गोळी पुढे सरकते, तेवढंच बघायचं होतं. खाच वर राहिली नाही. बोटभर आत गेली. गोळीखाली दारूच नव्हती.

त्यानं गज गुपचूप काढून घेतला. रंजक घातली. हरीण आलं, नेम धरला, चाप ओढला. नुसता भडका.

क्लेटनचा हात आधीच पुढे आला होता. "परत ओलावली वाटतं. दे इकडे."

"इथंच काढ गोळी."

क्लेटननं गजाला मळसूत्र लावून गोळी ओढून काढली. अर्विननं नळी बर्फावर उलटी आपटली. दारूचा एक कण पडला नाही.

"आता भर. माझ्यादेखत."

त्यानं भरली. खाच नळीच्या तोंडाशी थांबली.

"येतं की तुला," अर्विन म्हणाला.

मग क्लेटन बोलला. "तीन वर्षांमागे तू माझ्या टोपीवर नेम धरला होतास, हरीण समजून. तुला कळलंही नाही. कसं सांगणार? तू शिकारच सोडली असतीस."

"त्याच दिवशी सोडली असती. तू मला तीन वर्षं खेळण्यातली बंदूक देऊन फिरवलंस."

अर्विननं ती भरलेली बंदूक समोरच्या मातीच्या दरडीत झाडली आणि एकटाच खाली उतरला.

क्लेटन घाबरला याचा मला राग नाही. पण तीन वर्षं माझ्याच तोंडून त्यानं माझ्या नवऱ्याला टोमणे ऐकवले, ते मी विसरणार नाही.

हे सगळं मला नंतर कळलं. आधी ऐकू आला तो बार. तीन वर्षांतला पहिला. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. हरणाच्या कलेजीसाठी लोखंडी तवा चढवला, दोन कांदे चिरले, आणि क्लेटनचंही ताट मांडलं.