शिवणाच्या मिस आणि माझ्या लाल चिठ्ठ्या

आमच्या शाळेतल्या शिवणाच्या मिसवर मी जळायचो. 'जळायचो' असं भूतकाळात लिहिलं की माणूस सुधारल्यासारखा दिसतो, म्हणून तसं लिहिलं आहे.

मी जे. पी. नगरमधल्या एका शाळेत गणित शिकवतो. त्याआधी तीस वर्षं बंगलोरच्याच एका सरकारी कारखान्यात इन्स्पेक्शन विभागात होतो. इन्स्पेक्शनवाला म्हणजे स्वतः काही न बनवता दुसऱ्याने बनवलेल्यात खोट काढणारा माणूस. बायकोचं म्हणणं, तो विभाग माझा स्वभाव बघूनच काढला असावा.

तर एका मीटिंगमध्ये मुख्याध्यापिकांनी सांगितलं, की जूनपासून सहावी ते आठवीला 'डिझाइन अँड टेक्नॉलॉजी' हा नवा विषय येणार. हा विषय कोणाचा, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. विषय मलाच मिळाला, असं मी घरी सांगूनही टाकलं. बायकोने ते पुण्याला माझ्या बहिणीला कळवलं, आणि बहिणीने बाकीच्या सगळ्या गोतावळ्याला. संध्याकाळपर्यंत माझं अभिनंदन करणारे अकरा फोन आले. मी अकराही जणांचे आभार मानले.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिका म्हणाल्या, "तुम्ही आणि शिवणाच्या मिस, दोघांनी सातवीच्या एकेका तुकडीला या विषयाची ओळख करून द्या. पुढच्या शुक्रवारी मुलांचं काम बघू आणि मग ठरवू."

"शिवण?" मी म्हणालो. "हे टेक्नॉलॉजी आहे, मॅडम."

"मापं घ्यायची, कापायचं, जोडायचं. त्या वीस वर्षं दुसरं काय करतात?"

यावरचं उत्तर मला रात्री साडेदहाला सुचलं, पण तेव्हा मॅडम समोर नव्हत्या.

सोमवारी माझा तास होता. मी जय्यत तयारी केली होती. पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या, दोन्हींना एकेक खाच, आणि त्या एकमेकींत अडकवून उभा राहणारा पेन-स्टँड. फळ्यावर मिलिमीटरसकट असं ड्रॉइंग काढलं, की पहिली पंचवीस मिनिटं त्यातच गेली. मुलांनी कापाकापी केल्यावर मी खिशातून माझं गेज काढलं. ही दोन टोकांची पत्र्याची पट्टी. एक टोक खाचेत गेलंच पाहिजे, दुसरं जाताच कामा नये. कारखान्यात याच्यावर सगळं ठरायचं. जे बसेल ते पास आणि बसणार नाही त्याला लाल चिठ्ठी. चिठ्ठ्याही मी आदल्या दिवशी बसून कापल्या होत्या, तीस. मुलंही तीसच होती. एवढ्यावरून माझा मुलांवर किती विश्वास होता ते कळेल.

सत्तावीस चिठ्ठ्या लागल्या. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी उभं केलेली बारा वर्षांची पोरं, आणि मी बाकाबाकावरून 'रिजेक्ट, रिजेक्ट' करत फिरतोय. वर्गात कोणी हूं की चूं करीना. मला वाटलं, काय शिस्त!

तेवढ्यात पहिल्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी म्हणाली, "सर, तुमच्या नमुन्याला पण लावा ना ते."

मी रुबाबात लावलं. जे टोक जाताच कामा नये, ते आरामात आत गेलं आणि वरून हललंही. आठवडाभर घरी येईल त्याला मी तो स्टँड उघडून, जोडून दाखवत होतो. त्यात खाच सैल झाली होती.

"सर, चिठ्ठी?" मागून एक मुलगा म्हणाला.

सगळा वर्ग हसत सुटला. चिठ्ठी त्या मुलीनेच लावली, अगदी मधोमध.

मंगळवारी मिसचा तास होता. त्यांच्या वर्गासमोरच पाण्याचा फिल्टर आहे. त्या एका तासात मी पाच वेळा पाणी प्यायलो. साठी उलटलेल्या माणसाला हे परवडत नाही.

मिसनी फळ्यावर एक रेघसुद्धा काढली नव्हती. शाळेतल्या आयाअक्कांना त्यांनी खुर्चीवर बसवलं होतं आणि मुलांना म्हणत होत्या, "आज लगेच काही बनवायचं नाही. आधी अक्कांना विचारा, त्यांना कशाचा त्रास होतो."

"तुमचाच," अक्का म्हणाल्या, आणि वर्गात खसखस पिकली. मग त्यांनी सांगितलं, की मुलं मैदानावर पाण्याच्या बाटल्या विसरतात आणि त्या गोळा करून ऑफिसात आणताना हातात मावत नाहीत. दोन-तीन खेपा होतात, त्यात गुडघा धरतो. मुलांनी अक्कांच्या हाताची वीत मोजली, चालताना हात किती हलतो ते पाहिलं. तास संपल्यावरही कोणी उठेना. जेवणाच्या सुट्टीत सगळे चिकटपट्ट्या लावत बसले होते. सहा बाटल्यांचं पुठ्ठ्याचं खोकं, आणि वर धरायला दोरी. माझ्या तासाला घंटा झाल्यावर तीन सेकंदात वर्ग रिकामा झाला होता. मी मोजले होते.

मी पुन्हा पाण्याला गेलो तेव्हा मिसनी मला पाहिलं. "सर, या ना आत! तुमचा इतका अनुभव. बघा, काही सुचतंय?"

मला दारातूनच दिसलं होतं. दोरीची भोकं त्यांनी पुठ्ठ्याच्या अगदी काठाला पाडली होती. भरलेल्या सहा बाटल्यांचं वजन पडलं, की पुठ्ठा तिथून फाटणार. बोटभर खाली घेतली असती तर भागलं असतं. हे सांगायला चार शब्द पुरले असते.

"छे छे," मी म्हणालो, "छान चाललंय की."

तीस वर्षांत खोट दिसली आणि मी गप्प बसलो, असं तेव्हा पहिल्यांदा झालं.

त्या संध्याकाळी मी शीळ घालत घरी आलो. बायको म्हणाली, "अहो, आज एवढे खुशीत? कालपर्यंत तर तोंड उतरलं होतं."

"शुक्रवारी कळेल."

"तुमचं काही चांगलं झालंय, की तिचं बिघडणार आहे?"

"आमटीत मीठ कमी आहे," मी म्हणालो.

शुक्रवारी मॅडम आल्या. माझ्या तुकडीचे पेन-स्टँड टेबलावर रांगेने मांडले होते. मॅडमनी एक उचलला, त्यावरची लाल चिठ्ठी वाचली, दुसरा उचलला, आणि मग पुढे उचलायचं सोडून दिलं. माझी सगळी आशा आता त्या काठावरच्या भोकांवर होती.

अक्कांनी खोकं उचललं. "सरी, ठीक आहे, स्वल्प जड," असं कानडी वळणात म्हणत त्या मैदानाकडून पायऱ्या चढू लागल्या. तिसऱ्या पायरीवर टर्रकन आवाज आला. खोकं एका बाजूने कलंडलं आणि बाटल्या गडगडत खाली. मी चेहऱ्यावर हळहळ आणायला सुरुवात केली होती.

"तुटलं! मिस, तुटलं!" सगळी तुकडी ओरडत पायऱ्यांकडे धावली. लॉटरी लागल्यासारखी.

मिस शांतपणे म्हणाल्या, "पहिलं तुटणारच, असं आपण म्हणालो होतो. आता कुठून तुटलं ते शोधा. मला वाटलेलं दोरी तुटेल."

मग पायऱ्यांवरच बैठक बसली. कोणी म्हणे पुठ्ठा पातळ, कोणी म्हणे अक्का भरभर चालल्या. अक्का म्हणाल्या, "मी? या गुडघ्याने?" मॅडम साडी सावरून मुलांमध्ये पायरीवर बसल्या होत्या आणि फाटलेला काठ बोटाने चाचपून बघत होत्या. त्या तशा बसल्या तेव्हाच विषय कोणाला मिळाला ते मला कळलं. नीट चाललं असतं तर सहा बाटल्या वर पोचल्या असत्या, टाळ्या झाल्या असत्या, आणि संपलं असतं. ते चार शब्द मी मंगळवारी बोललो असतो, तर मिसना हा तास मिळाला नसता. तो मी दिला होता, फुकट.

राहवेना, म्हणून मी पुढे होऊन म्हणालो, "भोक काठापासून आत घ्या. काठाशी जोर पेलत नाही."

"हो सर, आम्हालाही आत्ताच कळलं," एक मुलगा वहीत लिहिता लिहिता म्हणाला. मग त्याने वर पाहिलं. "तुम्हाला कधी कळलं?"

"आत्ताच," मी म्हणालो.

"म्हणजे सरांना पण तुटल्यावरच कळतं!" तो इतका खूश झाला की त्याने ते वहीत लिहून घेतलं.

मी मान डोलावली. मिस माझ्याकडे बघत होत्या. मंगळवारी मी दारात किती वेळ उभा होतो, आणि माझे डोळे कुठे होते, ते त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी नवा पुठ्ठा काढला, मुलांपुढे ठेवला, आणि मला बसायला पायरीवर थोडी जागा करून दिली. त्यांच्या जागी मी असतो, तर एवढं मला जमलं नसतं. त्यावरही मी जळलो.