झोळीचं वजन

काटेवाली खाला बाळाला सामानाच्या काट्याला टांगायची. गावी जाताना बॅगा तोलायचा तो हातातला काटा शारजात आपल्या लोकांच्या प्रत्येक घरात असतो. खालाने त्याला खरं काम दिलं. ओढणीची झोळी, झोळीत बाळ, खाली उशा, आणि आकडा थांबेपर्यंत खालाचा श्वास बंद. रविवारी दुपारी तिला दोन तास सुट्टी मिळे. ते दोन तास आमच्या इमारतीतल्या बाळांचे.

खाला रत्नागिरीची, शिकलेली नर्स. तिची आईही नर्सबाई. खाडीकाठच्या गावांत होडीने जाऊन झोळीतच पोरं तोलायची. इथे मात्र खालाचा व्हिसा मोलकरणीचा. एजंटाने दवाखाना सांगितला आणि बंगला दाखवला. पासपोर्ट बंगल्यातल्या मॅडमच्या कपाटात गेला.

“आधी झोळीचं वजन वजा करा,” हे तिचं पालुपद. एकदा तिसऱ्या मजल्यावरची सून वाढलेला आकडा बघून हरखली. खालाने ओढणी चाचपली. “गेल्या वेळी पातळ होती, आज जाड आणलीस ना? पोर नाही वाढलं गो, कापड वाढलं. चल, यल्ला, डॉक्टरकडे!” सून फणकारली, पण गेली. बाळाला दूध पुरत नव्हतं.

मी बाबांच्या मायदेशातल्या जुन्या कामगार संघटनेची पत्रकं वाचत वाढलेली. खालासाठी तक्रारअर्ज लिहिला. “पासपोर्ट अडकवून ठेवणं गुन्हा आहे, खाला!”

“माहितीये. ‘गुलामी’ तीनदा लिहिलंस, माझ्या पोरीचं नाव एकदाही नाही. तिचं बाळंतपण आलंय. मला भांडण नको, सुट्टी हवी. मॅडम ईदनंतर सोडते म्हणाल्यात. इन्शाल्ला.”

अर्ज घडी करून तिने आपल्या बॅगेत टाकला. ही बॅग आमच्याकडे असे, नातवंडासाठी भरलेली. ईद गेली. नात झाली, रांगली, चालली. दर ईदनंतर नवी ईद. लहान झालेली झबली खाला इमारतीत वाटून टाकी आणि पुढच्या मापाचे फ्रॉक भरी. मग बॅग काट्याला लावून म्हणे, “मापात आहे.” मी चडफडत राहायचे. पण तिच्या सहीशिवाय तिच्या नावाने बोलायचा हक्क मला नव्हता.

गेल्या वर्षी मी नोकरीसाठी पुण्याला निघाले. माझी बॅग तिनेच तोलली.

“तुझीही दे, खाला. रत्नागिरीला पोचवते.”

तिने बॅग ओढून चेन उघडली. मग बॅगेतून छोट्या लाल चपला काढल्या. “ह्या ने. मी जाईपर्यंत तिच्या पायात शिरायच्या नाहीत.” असं बोलून गेली आणि स्वतःच दचकली. हात पुन्हा बॅगेत गेला. पिवळा पडलेला तो अर्ज माझ्यापुढे धरून म्हणाली, “पोरीचं नाव घाल. नातीचंही. मग सही करते.”

विमानतळावर जाण्याआधी मी तिच्या सहीचा अर्ज आपल्या वकिलातीत दिला. उत्तर अजून आलेलं नाही. खाला बंगल्यातच आहे, बॅग आमच्या घरी. आई फोनवर सांगते, रविवारी बाळं तोलून होतात, खाला बॅगेशी बसते. पुढच्या मापाच्या चपला मात्र तिने अजून घेतलेल्या नाहीत; म्हणते, आता पाय बघूनच घेईन.