परळीच्या राखेतला रग्बीचा सामना

परदेशी साबण, परदेशी शीतपेय आणि परदेशी इंजिनिअर या तिन्ही गोष्टी परळीत साधारण एकाच सुमारास आल्या. पहिल्या दोन दुकानात मिळत. तिसरा विश्रामगृहाच्या व्हरांड्यात बसून आपल्या यंत्राची खोकी बंदरातून सुटायची वाट बघे. साठीचा अमेरिकन, नाक कायमचं डावीकडे वळलेलं. मी बी.ए.ला इंग्रजी घेतलं होतं. एवढ्याच गुन्ह्याखाली मला त्याचा दुभाषा नेमलं.

नाक रग्बीत मोडलं होतं. त्याच्या गावात सगळे डोक्याला शिरस्त्राण नि खांद्यांना गाद्या बांधून दुसराच खेळ खेळत. हा आणि याचे चौदा सोबती मात्र उघड्या डोक्यानं रग्बी खेळत, गुरांच्या कुरणात. प्रेक्षक म्हणजे गाई. सामन्यासाठी दिवसभर मोटार हाकायची आणि समोरचा संघ आलाच नाही तर आपसांत खेळून, हाडं मोडून घरी यायचं. वडील म्हणत, पोरगं वाया गेलं. मी त्याला म्हटलं, आमच्याकडे पोरं घर न सोडता वाया जातात.

हे सगळं माझा चुलतभाऊ टक लावून ऐकत होता. तालुक्यात कबड्डीत त्याच्यासारखा चढाई करणारा नव्हता. पण पोलीस भरतीत तो दोनदा थोडक्यात हुकला होता आणि वयाची अट त्याच वर्षी संपत होती. खेळाडूंच्या राखीव जागेसाठी कबड्डीची प्रमाणपत्रं लोक पोत्यानं आणत; रग्बीचं मात्र कुणाकडंच नव्हतं.

"सायबाला म्हन, रग्बीचं लिहून दे. लई उपकार हुतील."

साहेब म्हणाला, "आधी एक सामना. नियमानं."

मग वीजकेंद्राची राख टाकून सपाट केलेल्या माळावर सामना ठरला. चौसाळ्याचे कबड्डीपटू मटणाच्या जेवणावर यायला तयार झाले. साहेबानं आठवडाभर नियम शिकवले : चेंडू हातात घेऊन पळायचं आणि समोरच्या संघाच्या रेषेपलीकडे टेकवायचा. मी ते मला समजले तेवढे मराठीत सांगितले. उद्घाटनाला एक पुढारी आले. लांबुडका चेंडू हातात घेऊन त्यांनी दाबून पाहिला आणि गरजले, "हवा भरा की बे ह्याच्यात! पाव्हन्यांसमोर इज्जत घालवता!"

शिट्टी झाली. चेंडू भावाच्या हातात आला. त्यानं मांडीवर थाप मारली, दम धरला आणि चौसाळ्याच्या कळपात घुसला. एकाला हात लावला, दुसऱ्याला लाथ, तिसऱ्याला कोपर. समोर मैदान मोकळं पडलेलं. आणि हा गडी गर्रकन वळला! तोंडानं "कबड्डी, कबड्डी" चालू, चेंडू बगलेत, पाठीमागं राखेचा लोट. दम न सोडता तो थेट आमच्याच रेषेवर येऊन कोसळला.

आम्ही त्याला खांद्यावर घेतलं. त्याहून कमाल चौसाळ्याच्या त्या तिघांची. प्रामाणिक माणसं. बाद झालो म्हणून मुकाट बाहेर जाऊन बसली.

साहेब हसून हसून राखेत बसला. पांढरी पँट करडी झाली. मग डोळे पुसत त्यानं कंपनीच्या कागदावर चार ओळी लिहिल्या, सही केली.

"काय लिवलंय बे?" भाऊ माझ्या दंडाला धरून उभा.

लिहिलं होतं : या खेळाडूने चेंडू घेऊन तीन जणांना चुकवले. त्याला कोणीही पकडू शकले नाही. असा वेग मी माझ्या देशातही पाहिलेला नाही. दिशेबद्दल मात्र मला विचारू नये.

मी पहिल्या तीन ओळी वाचून दाखवल्या.

भरतीच्या टेबलावरच्या कारकुनानं कागद उजेडाला धरला, परदेशी सहीवरून बोट फिरवलं. "रग्बी म्हंजी काय असतंय?"

"कबड्डीच हाय, सायेब," भाऊ छाती काढून म्हणाला. "फकस्त चेंडू घरी घिऊन यायचा."

कारकुनानं शिक्का मारला.