आक्काचा जंगलातला बंगला

नातवाच्या नव्या घराची दारं करायला सुतार आला आहे. रंध्याखालून सागाचा वास सुटला आणि मी चिंचोळीच्या जंगलातल्या बंगल्यात जाऊन पोचले.

निजामाचा अंमल होता. माझ्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा, नवरा जंगलखात्यात दरोगा होता. तिच्या लग्नानंतर आमचे वडील, अप्पा, मला पहिल्यांदाच तिच्याकडं एका रात्रीच्या मुक्कामाला घेऊन गेले. दाजी फिरतीवर होते. उंच जोत्यावरचा दगडी बंगला मी मान वर करून बघत राहिले. खिडक्यांना हिरव्या काचा, पलंगाला मच्छरदाणी, चहाला फुलाफुलांच्या कपबश्या! घरी माझ्यासोबत शेण्या थापणारी आक्का चपराशाला ऐटीत म्हणाली, "पानी गरम करो." मच्छरदाणीत तिच्या शेजारी निजले, तरी हे सगळं हिलाच कामून मिळालं, एवढंच माझ्या मनात घोळत होतं.

सकाळी अप्पांनी बैलगाडी जुंपली, तशी आक्का चाक धरून उभी राहिली.

"अप्पा, हिला ठिवा, न्हाईतर मला तरी न्या. इथं बोलायला माणूस न्हाई."

"येड्यावानी काय करायलीस?" बैलांकडं बघतच अप्पा म्हणाले. "हुईल सवय."

गाडी हलली. मी अप्पांना टेकून बसले. संध्याकाळी आईच्या हातची भाकरी खायची होती. आक्का चाक सोडून जोत्यावर चढली आणि तिथून एकटक माझ्याकडं बघत राहिली. तिला माझा राग आला, असं तेव्हा वाटलं. आज कळतं, आदल्या दिवशी दिवसभर मी तिच्याकडं जशी बघत होते, तशीच ती माझ्याकडं बघत होती.